टाकीचा आवाज

अकरा वर्षं मी नववी ब ला
तिसऱ्या लेण्याची स्लाइड दाखवत आलो.
पंखा फिरायचा, पडदा हलायचा,
आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं शिल्प
डासासारखं पोरांच्या पापण्यांवर बसून
उडून जायचं.

यंदा म्हटलं, घ्या मोबाईल, तीन मिनिटांची फिल्म करा.
मार्क नाहीत.
मार्क नाहीत म्हटल्यावर सगळेच आले.

पाथर्डी फाट्यावर उतरून पायऱ्या चढताना
हर्षल निरगुडेनं तीनदा स्वतःचंच शूटिंग केलं,
रवीना बेंडकोळीनं माकडाचं.
माझ्या पाठ वाक्यांचं कुणीच नाही.

मग ओसरीखालचे ते सहा जण दिसले.
छातीपर्यंत जमिनीत, खांद्यांवर तुळया,
तुळयांवर अख्खं लेणं.
मी सुरू केलं, हे भारवाहक, यांचा काळ...
"सर, जरा गप्प. आवाज रेकॉर्ड होतोय,"
मुजम्मिल कोकणी म्हणाला.

रवीना पालथी झोपली, युनिफॉर्मची फिकीर न करता,
त्यातल्या एकाच्या डोळ्यांशी डोळे येईपर्यंत.
चाळीस सेकंद. कॅमेरा हलला नाही.
एवढा वेळ माझ्या वर्गात
कुणाला काही बघताना मी पाहिलं नव्हतं.
वॉचमननं शिट्टी मारली. तीही फिल्ममध्ये राहिली.

आता छिन्नीचा आवाज हवा.
यशोधरा गांगुर्डे म्हणाली, तांबट आळी.
तिथे हंड्याला ठोके देणाऱ्या म्हातारबांनी
क्लिप बघितली, हातोडी खाली ठेवली.
"पोरी, तांबं बोलतं. दगड बोलत नाही, ऐकून घेतो.
ह्याला माझा आवाज लावू नका. पेठ नाक्यावर जा."

पेठ नाक्यावर तान्हाबाई धोत्रे
पाट्याला टाकी लावत बसलेल्या.
तोंडाला पदर, भुवयांवर दगडाचं पीठ.
टाक, टाक, पदर सारून एक फुंकर, परत टाक.
पोरांनी फुंकरही घेतली.
मला ती सुचली नसती.

मग मोबाईल हातात घेऊन बाईंनी
पिठाळल्या बोटांनी तो चेहरा मोठा केला.
"ह्याचा डावा गाल बघा. इथं दगड रुसला व्हता.
मग त्यानं वरून नाही मारलं,
बाजूनं समजूत काढली.
उरकून नाही टाकलं. चांगला मानूस आसंल."
घडवणाऱ्याबद्दल बोलत होत्या,
परवाच बाजारात भेटल्यासारखं.

मी शैली सांगितली होती, राजवंश सांगितला होता,
सनावळ्या फळ्यावर लिहून पुसल्या होत्या.
गाल राहून गेला होता.

शाळेच्या मागच्या भिंतीवर, दिवेलागणीनंतर, फिल्म लागली.
शेवटी नावं. कॅमेरा रवीना. आवाज तान्हाबाई.
माकडाचेही आभार.
मग "शिल्पकार", आणि पुढे काहीच नाही,
नुसता काळोख आणि टाक, टाक.
"टाईप करायचं राहिलं का रे?"
"नाही सर. तेवढी जागा त्याची."

खरं तर हे इथेच संपायला हवं होतं.
पण मोबाईलमध्ये जागा होईना म्हणून हर्षलनं
मावशीच्या हळदीतला नाच उडवला होता.
मोबाईल वडिलांचा. घरी महाभारत.
मला बोलावणं आलं,
सातपूर, दुसरा मजला, जिन्यात सायकली.
समजूत घालण्याऐवजी मी फिल्मच लावली.

वडील फर्स्ट शिफ्टहून नुकतेच आलेले.
बसा म्हटलं तरी बसले नाहीत.
दाराच्या चौकटीला खांदा लावून बघत राहिले
ते चाळीस सेकंद, ती शिट्टी, ती फुंकर.
डबा अजून हातातच.

हर्षल फिल्म बघत नव्हता.
तो वडिलांच्या खांद्याकडे बघत होता,
आणि त्याचा रिकामा हात
हवेत मोबाईलएवढी जागा धरून
अजिबात हलत नव्हता.